डोळस कुलूप

मोबाइलचा कॅमेरा सुरू ठेवून लग्नाचं चित्रीकरण करायला घेतलं, तर काही तासांत बॅटरी मान टाकते. मग दारावरच्या व्हिडिओ स्मार्ट लॉकचा कॅमेरा एकदा चार्ज केल्यावर आठवडेच्या आठवडे कसा चालतो? वीज गेली किंवा वाय-फाय बंद पडलं, तर घरात शिरायचं कसं? बोटाचा ठसा चोरून कुणी दार उघडलं तर?

नव्या फ्लॅटच्या दारांवर अशी कुलपं दिसू लागली आहेत. आईवडील गावी आणि मुलं पुण्या-मुंबईत किंवा परदेशात, अशा घरांत तर त्यांची चौकशी हमखास होते. दुकानदार गुण सांगतो, शेजारी शंका काढतो आणि घेणारा गोंधळतो. या प्रश्नांची उत्तरं कुलपाच्या पोटात आहेत. ती समजली, की हे यंत्र कशासाठी घ्यावं आणि कुठे त्याच्यावर विसंबू नये, हे आपलं आपल्याला ठरवता येतं.

मूळ कल्पना एका परिचारिकेची

दारात कोण आहे ते पडद्यावर पाहायचं, त्याच्याशी बोलायचं आणि जागेवरूनच दार उघडायचं, ही कल्पना स्मार्टफोनच्या कितीतरी आधीची. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाच्या परिचारिका राहत. त्यांच्या आणि पतीच्या कामाच्या वेळा वेगळ्या असल्याने त्यांना अनेकदा घरी एकटं राहावं लागे. वस्तीत गुन्हे वाढले होते आणि पोलिसांना बोलावलं तरी ते यायला उशीर होई. पती अल्बर्ट इलेक्ट्रॉनिक्सचे तंत्रज्ञ होते. दोघांनी मिळून एक यंत्रणा तयार केली, १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ रोजी त्यांना पेटंट मिळालं.

त्यांच्या दारात वेगवेगळ्या उंचीवर चार भोकं होती, म्हणजे उंच माणूसही दिसावा आणि लहान मूलही. आतल्या बाजूने एक कॅमेरा मोटरच्या साहाय्याने या भोकांसमोर वरखाली सरके. चित्र शयनगृहातल्या टीव्हीवर येई. बाहेरच्याशी बोलायला मायक्रोफोन होता, एक बटण दाबून दार उघडता येई आणि दुसरं दाबून मदत मागता येई.

आजच्या व्हिडिओ लॉकमध्ये हे सगळं हातभर लांबीच्या आत मावतं. ब्राउन दांपत्याच्या रचनेतली एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यात पाहण्याचं काम वेगळं होतं, दार उघडण्याचं वेगळं, आणि दोहोंच्या मध्ये निर्णय घेणारं माणूस होतं. व्हिडिओ लॉक नीट वापरण्याचं सगळं शहाणपण या एका गोष्टीत आहे.

दांडा जुनाच, हुकूम नवा

दार बंद धरून ठेवण्याचं काम आजही पोलादी दांडाच करतो. दाराच्या कडेतून तो बाहेर येतो आणि चौकटीच्या खाचेत बसतो. बदललं आहे ते त्याला मागे घेण्याचा हुकूम देणारं यंत्र. अमेरिकेतल्या धाकट्या लायनस येल यांनी १८६१ मध्ये पेटंट घेतलेल्या पिनांच्या कुलपात हा हुकूम चावी देते. चावीचे दाते आतल्या पिना नेमक्या उंचीवर उचलतात, तेव्हाच मधली नळी फिरते. आपल्या बहुतेक लॅचमध्ये आजही हीच युक्ती आहे.

स्मार्ट लॉकमध्ये हुकूम एक इलेक्ट्रॉनिक पाटी देते आणि तो पाळते छोटी मोटर. काही कुलपांत ही मोटर स्वतःच दांडा आत ओढते. काहींत ती फक्त एक सांधा जुळवते. बाहेरची मूठ एरवी मोकळी फिरते, कारण दांड्याशी ती जोडलेलीच नसते. ओळख पटली, की मोटर काही क्षणांसाठी सांधा जोडते आणि मूठ दाबली की दार उघडतं. दुसऱ्या प्रकारात जोर माणसाच्या हाताचा लागतो, म्हणून बॅटरी जास्त पुरते.

यातच विजेच्या प्रश्नाचं उत्तर आहे. कुलूप बॅटरीवर चालतं, त्यामुळे घरातली वीज गेल्याने त्याला काही होत नाही. बॅटरीच संपली, तर दांडा असेल तिथेच राहतो, म्हणजे बंद दार बंदच राहतं. बॅटरी उतरू लागली, की कुलूप आधीच सूचना द्यायला लागतं. ती ऐकूनही राहून गेलंच, तर बाहेरच्या बाजूला खाली एक छोटी खाच असते. तिथे पॉवर बँक लावून, किंवा काही कुलपांत नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवून, दार उघडण्यापुरती वीज देता येते. बहुतेक कुलपांसोबत साधी चावीही मिळते. ती घराच्या कपाटात ठेवून काहीच उपयोग नाही. ती विश्वासातल्या शेजाऱ्याकडे किंवा नातेवाइकाकडे हवी.

आतली मूठ मात्र मोटरवर अवलंबून असता कामा नये. आग लागली, बॅटरी संपली, पाटी बिघडली, तरी आतून एका हाताने दार उघडलंच पाहिजे. घेताना दुकानात बॅटरी काढायला लावून हे प्रत्यक्ष करून बघावं.

बोट, आकडा आणि चेहरा

कुलूप माणसाला ओळखत नाही. आधी साठवलेल्या खुणा समोर आलेल्या खुणांशी जुळतात की नाही, एवढंच ते पाहतं.

बोटाच्या ठशावरून माणूस ओळखण्याच्या पद्धतीला आपल्या देशाचा मोठा हातभार आहे. १८५८ मध्ये बंगालमधले अधिकारी विल्यम हर्शेल यांनी एका कंत्राटावर सहीसोबत पंजाचा ठसा घेतला होता. ठशांची वर्गवारी करणाऱ्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या कचेऱ्यांपैकी एक १८९७ मध्ये कोलकात्यात सुरू झाली. त्या वर्गवारीमागे अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलिस अधिकाऱ्यांचं काम होतं, नाव मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचं झालं.

तेव्हा शाईचा ठसा माणूस डोळ्यांनी तपासायचा. कुलपात हे काम एक लहानशी काच किंवा पट्टी करते. तिच्याखाली विजेचा सूक्ष्म भार ओळखणाऱ्या बिंदूंची दाट जाळी असते. कातडीच्या उंच रेषा पट्टीला टेकतात, मधल्या खोलगट जागा टेकत नाहीत, आणि या फरकातून रेषांचा नकाशा तयार होतो. मग यंत्र त्यात रेषा कुठे संपते आणि कुठे दोन फाटे फुटतात, अशा जागा शोधतं. त्यांची परस्परांतली अंतरं आणि दिशा आकड्यांच्या रूपात साठवली जातात. चांगल्या कुलपात बोटाचं चित्र साठवलं जात नाही, हे आकडे साठवले जातात आणि तेही कुलपाच्या आतच. घेताना हे विचारून घ्यावं, कारण पासवर्ड बदलता येतो, बोट बदलता येत नाही.

रेशन दुकानातल्या यंत्रावर आजीचा अंगठा उमटत नाही, हा अनुभव आपल्याकडे घरोघरी आहे. वयानुसार कातडी कोरडी पडते आणि रेषा सपाट होतात. गवंडीकाम, शेतीकाम, धुणीभांडी करणाऱ्या हातांच्या रेषा झिजतात. ओल्या बोटाने पट्टीवर पाण्याचा थर बसतो आणि उंचसखल फरक पुसला जातो. म्हणून एकाच बोटावर भिस्त ठेवू नये. दोन्ही हातांची दोन-दोन बोटं नोंदवावीत आणि ज्येष्ठांना आकड्यांचा किंवा कार्डाचा पर्याय द्यावा.

आकड्यांचा हिशेब सोपा आहे. चार आकडी कोडचे १०,००० पर्याय होतात आणि सहा आकडीचे १० लाख. पाच वेळा चुकल्यावर कुलूप पाच मिनिटं थांबत असेल, तर चार आकडी सगळे पर्याय करून बघायला जवळपास सात दिवस लागतील. पण रोज त्याच चार कळा दाबल्या, तर काचेवर बोटांचे तेलकट डाग पडतात. ते चार आकडे डागांवरून कळले आणि ते वेगवेगळे असले, तर उरतात फक्त २४ मांडण्या, म्हणजे सात दिवसांचं काम वीसेक मिनिटांवर येतं. यावर अनेक कुलपांत उपाय असतो. खऱ्या कोडच्या आधी आणि नंतर वाटेल ते आकडे दाबले, तरी कुलूप मधला खरा कोड ओळखतं. डाग सगळ्या कळांवर पडतात आणि पाठीमागे उभ्या असलेल्यालाही काही समजत नाही. ही सोय असेल तर घरातल्या सर्वांना ती शिकवावी.

चेहरा ओळखणाऱ्या कुलपांचे दोन प्रकार आहेत. साध्या कॅमेऱ्याने चेहरा पाहणारं कुलूप चांगल्या छायाचित्राला फसू शकतं. दुसऱ्या प्रकारचं कुलूप चेहऱ्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांचे असंख्य ठिपके टाकतं आणि ते कसे पसरले यावरून नाक, गाल, कपाळ यांचा उंचसखलपणा मोजतं. सपाट कागदावर असा उंचसखलपणा नसतो. चेहऱ्याची सोय हवी असेल, तर दुसऱ्याच प्रकारचं कुलूप घ्यावं.

कॅमेरा बहुतेक वेळ झोपलेला असतो

आता बॅटरीचं कोडं. वाय-फायवरून व्हिडिओ पाठवणाऱ्या कॅमेऱ्याला शेकडो मिलिअँपिअर वीज लागते. तो अखंड चालू ठेवला, तर कुलपातली बॅटरी दोन-तीन दिवसही टिकणार नाही. म्हणून त्याला झोपवून ठेवतात.

वाड्याचा राखणदार रात्री डोळा लावतो, कारण अंगणातलं कुत्रं जागं असतं. चाहूल लागली की ते भुंकतं आणि राखणदार कंदील घेऊन उठतो. कुलपात कुत्र्याचं काम उष्णता ओळखणारा एक सेन्सर करतो. आपल्या शरीरातून सतत अवरक्त किरण बाहेर पडतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण या सेन्सरला जाणवतात. त्याचे दोन भाग असतात. माणूस समोरून सरकला, की ऊब आधी एका भागावर पडते, मग दुसऱ्यावर, आणि तेवढ्या फरकाने सेन्सर कॅमेऱ्याला उठवतो. या पहाऱ्याला मिलिअँपिअरचा अगदी अल्पसा अंश पुरतो. कॅमेरा उठतो, काही सेकंदांचं चित्रण करतो, ते पाठवतो आणि पुन्हा झोपतो.

त्यामुळे बॅटरी किती टिकणार, हे तुमच्या दारासमोरच्या वर्दळीवर ठरतं. लिफ्टच्या तोंडाशी घर असेल, तर दिवसभरात प्रत्येक जाणारा-येणारा कॅमेऱ्याला उठवतो. शेवटच्या टोकाच्या घरात तीच बॅटरी कितीतरी जास्त दिवस पुरते. सेन्सरची संवेदनक्षमता आणि अंतर अॅपमध्ये कमी करता येतं. ते पहिल्याच दिवशी करावं.

या सेन्सरची एक मर्यादा विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी ध्यानात घ्यावी. तो शरीराची ऊब आणि भोवतालची ऊब यांतला फरक पाहतो. मे महिन्यात नागपूरच्या जिन्यातली हवा अंगाइतकीच तापलेली असते, तेव्हा हा फरक अगदी कमी होतो आणि सेन्सर माणसाला उशिरा ओळखतो किंवा ओळखतही नाही. काही कुलपांत म्हणूनच रेडिओलहरींनी हालचाल टिपणारा दुसरा सेन्सर दिलेला असतो.

चित्र फोनपर्यंत कसं येतं?

कुलपातून निघालेलं चित्र घरातल्या वाय-फाय राउटरकडे जातं, तिथून इंटरनेटने कंपनीच्या सर्व्हरकडे, म्हणजे दूरवर असलेल्या संगणकाकडे, आणि तिथून तुमच्या फोनवर. तुम्ही बोललेलं किंवा 'दार उघड' हा हुकूम याच वाटेने उलटा जातो. एवढा फेरा असल्यामुळे बेल वाजल्यापासून चित्र दिसेपर्यंत काही सेकंद जातात.

वाय-फाय बंद पडलं, तर हा सगळा मार्ग तुटतो. बोट, कोड, कार्ड आणि चावी यांचं काम मात्र चालूच राहतं, कारण ती ओळख कुलपाच्या आतच पटते. भारनियमनाच्या वेळीही दूरवरून दार दिसायला हवं असेल, तर राउटरला छोटा इन्व्हर्टर जोडावा. बहुतेक कुलपं वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चालतात. ५ गिगाहर्ट्झच्या तुलनेत या लहरी भिंतींतून जास्त चांगल्या जातात. तरी राउटर घराच्या पार टोकाला आणि दार लोखंडी, अशी स्थिती असेल, तर चित्र अडखळतं.

चोरवाटा कुठे आहेत?

सिनेमात दिसतं तसं कुणी ठशाची नक्कल करून घरात शिरेल, ही भीती सामान्य घरासाठी फार दूरची आहे. खरी चोरवाट पासवर्डमध्ये असते. ऑक्टोबर २०१६ मध्ये 'मिराय' नावाच्या घातक प्रोग्रॅमने इंटरनेटला जोडलेले कॅमेरे आणि राउटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर अमेरिकेतल्या अनेक मोठ्या संकेतस्थळांची सेवा काही तास ठप्प झाली. आत शिरायला त्याने वापरलेली युक्ती साधी होती. कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक पासवर्ड तो एकामागून एक लावून पाहत असे. लोकांनी ते बदललेलेच नव्हते.

दुसरी वाट कंपनीच्या आतून जाते. दारावरच्या व्हिडिओ बेलसाठी प्रसिद्ध असलेल्या रिंग कंपनीने कर्मचाऱ्यांना ग्राहकांची खासगी चित्रणं पाहू दिली आणि सुरक्षेची पुरेशी काळजी घेतली नाही, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मे २०२३ मध्ये केला. कंपनीने ५८ लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं. म्हणून चित्रण कुठे साठतं आणि ते कोण पाहू शकतं, हे आधी विचारावं. कुलपातल्या मेमरी कार्डावर साठवण्याची सोय असेल, तर ती बरी. अॅपला स्वतंत्र, लांब पासवर्ड द्यावा, फोनवर येणारा दुसरा कोड मागणारी सोय सुरू करावी आणि कंपनीने पाठवलेले अपडेट टाळू नयेत. वर्षानुवर्षं अपडेट न देणाऱ्या कंपनीचं कुलूप स्वस्त मिळालं, तरी घेऊ नये.

समोरचं दारही घरच आहे

आपल्या इमारतींत दोन दारांमध्ये पाच-सहा फुटांचा बोळ असतो. तुमच्या कुलपाचा डोळा बऱ्याचदा थेट समोरच्याच्या दिवाणखान्यात पाहतो. २०२१ मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या न्यायालयापुढे असाच वाद गेला. एका रहिवाशाने लावलेले कॅमेरे आणि व्हिडिओ बेल यांच्याविरुद्ध शेजारीण न्यायालयात गेली आणि निकाल तिच्या बाजूने लागला. दूरवरचं बोलणंही ध्वनिमुद्रित होतं, ही बाब न्यायाधीशांनी विशेष गंभीर मानली.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेला कायदा कंपन्यांवर जबाबदाऱ्या टाकतो, मात्र व्यक्तीने स्वतःच्या घरगुती कामासाठी केलेला वापर त्याच्या कक्षेबाहेर आहे. म्हणजे शेजाऱ्याचा मान राखणं बऱ्याच अंशी तुमच्यावरच आहे. कुलूप बसवण्याआधी समोरच्यांना सांगा, कॅमेऱ्यात काय दिसतं ते त्यांना दाखवा आणि त्यांच्या दाराचा भाग झाकण्याची सोय अॅपमध्ये असेल तर ती वापरा. घरी कामाला येणाऱ्या बाईंनाही सांगा, की येण्याजाण्याची नोंद होते. त्यांच्यासाठी ठरावीक वेळेपुरता चालणारा वेगळा कोड देता येतो, त्यामुळे चावीची देवाणघेवाण वाचते आणि कुणावर नाहक संशयही येत नाही.

आधी दार बघा

आपल्या बहुतेक फ्लॅटना दोन दारं असतात, बाहेर जाळीचं सेफ्टी डोअर आणि आत लाकडी दार. व्हिडिओ लॉक आतल्या दारावर लावलं, तर कॅमेऱ्याला सेफ्टी डोअरची पाठच दिसते. रात्री तर अंधारात पाहण्यासाठी कॅमेरा स्वतःचे अवरक्त किरण टाकतो. ते समोरच्या जाळीवर आपटून परत येतात आणि चित्र पांढरंफटक पडतं. कुलूप बाहेरच्या दारावर बसवायचं, की सेफ्टी डोअर काढायचं, की वेगळी व्हिडिओ बेल भिंतीवर लावायची, हे पैसे देण्याआधी ठरवावं लागतं.

मग सुताराला चौकट दाखवा. दांडा ज्या खाचेत शिरतो, तिच्यावरची धातूची पट्टी अनेक घरांत अर्ध्या-पाऊण इंचाच्या दोन स्क्रूंवर उभी असते. लाथ मारल्यावर कुलूप शाबूत राहतं आणि ही पट्टी लाकडाच्या ढलप्यासह निघून येते. तिथे तीन इंची स्क्रू आत भिंतीपर्यंत मारले, तर शंभर रुपयांच्या आतल्या खर्चात दाराची ताकद वाढते. पावसाळ्यात लाकडी दार फुगतं आणि दांडा खाचेला घासतो. हाताने बंद करताना आपण दार जरा उचलून घेतो, मोटर तसं करत नाही. ती अडकते, पुन्हा पुन्हा जोर लावते आणि बॅटरी संपवते. दार रंधून, बिजागऱ्या घट्ट करून मगच कुलूप बसवावं.

थोडक्यात

- दाराची जाडी, उघडण्याची बाजू आणि सेफ्टी डोअर यांचा विचार खरेदीआधी करा.
- बॅटरी काढल्यावरही आतून दार उघडतं का, ते दुकानात तपासा.
- प्रत्येकाची दोन्ही हातांची बोटं नोंदवा, कोड सहा आकडी ठेवा.
- एक साधी चावी घराबाहेर, विश्वासातल्या माणसाकडे ठेवा.
- कारखान्याचा पासवर्ड त्याच दिवशी बदला.
- चित्रण कुठे साठतं, किती दिवस राहतं, ते विचारा.
- शेजाऱ्यांना विश्वासात घ्या.

व्हिडिओ लॉकमुळे दार जास्त मजबूत होत नाही. त्याने मिळतो तो वेळ. दारात कोण आहे हे दार न उघडता कळतं, बोलता येतं, विचार करता येतो. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांसाठी हा वेळ मोलाचा आहे. तो दूरवरून बटण दाबून घालवू नका. पडद्यावर फक्त समोरचा चेहरा दिसतो, बाजूला भिंतीला टेकून कोण उभं आहे ते दिसत नाही. अनोळखी माणसासाठी फोनवरून दार कधीच उघडू नका. पार्सल दाराबाहेर ठेवायला सांगा. आणि कुलूप विकत घेण्याआधी चौकटीतले ते दोन स्क्रू किती लांबीचे आहेत, ते एकदा काढून बघा.